गोंदण न दिसलेले पत्रे: ओल्या कोलोडियनच्या एका कामाचं प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातली फोटोग्राफर पुण्याची, वय पस्तिशीचं. दहा-बारा वर्षं तिनं लग्नं केली. एका लग्नात तीन हजार फोटो काढायचे, त्यातले दीडशे अल्बमला लावायचे, उरलेले पेनड्राइव्हवर टाकून मोकळं व्हायचं. मग दोन दिवसांच्या एका कार्यशाळेत तिनं काचेवर ओल्या कोलोडियननं, म्हणजे रसायनाचा थर ओला असतानाच, फोटो काढायला शिकून घेतलं आणि पुढचं वर्षभर तिला दुसरं काही सुचेना. माझ्याकडं आली ती त्यात लागणारं इथर साठवायचं कसं हे विचारायला. मी कॉलेजात सत्तावीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळं लोक अशा कामाला माझ्याकडं येतात. आली ती पहिल्या दिवशी काळीकुट्ट बोटं घेऊनच.

तेव्हा तिनं सांगितलेलं एक वाक्य मी वहीत लिहून ठेवलं होतं: "सर, लग्नातली एकही नवरी मला आठवत नाही. आणि या काचेवर आतापर्यंत बसलेली चौदाच्या चौदा माणसं आठवतात." या तंत्राची ओढ नेमकी कशाची, या प्रश्नाला मला तरी याहून बरं उत्तर मिळालेलं नाही. चौकटीच्या कडेनं उडालेली रसायनं, जुनाट छटा वगैरेचं कौतुक मला फारसं नाही. ते हल्ली मोबाइलवर एका बोटानं होतं.

पुढं एका लहान सांस्कृतिक संस्थेनं तिला काम दिलं. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या एका गावात सत्तरीच्या पुढच्या ज्या बायकांच्या कपाळावर, हनुवटीवर, हातांवर गोंदण आहे त्यांची नोंद करायची. तीस व्यक्तिचित्रं, सहा महिने मुदत, पैसे तीन हप्त्यांत. "जुनी कला जुन्याच तंत्रानं टिपायची" ही कल्पना संस्थेला फार आवडली. खरं सांगायचं तर मलाही आवडली होती. या प्रकरणातली पहिली चूक तीच, आणि तिच्यात माझा वाटा आहे.

माणसांची, गावाची आणि संस्थेची नावं मुद्दाम गाळली आहेत.

तंत्र, गरजेपुरतं

फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रजानं १८५१ साली ही पद्धत छापून जाहीर केली आणि पेटंट घेतलं नाही. १८५७ साली तो गेला तेव्हा घरच्यांसाठी फारसं काही मागं राहिलेलं नव्हतं. पेटंट नसल्यामुळं पद्धत झपाट्यानं पसरली. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली, भाऊ दाजी लाडांचे भाऊ डॉ. नारायण दाजी त्या वर्तुळातले जाणते फोटोग्राफर. तेव्हा हे तंत्र आपल्या हवेत चालतं की नाही, हा प्रश्न पावणेदोनशे वर्षांपूर्वीच सुटलेला आहे. चालतं, पण त्रास देऊन.

काम असं होतं. कोलोडियन म्हणजे नायट्रोसेल्युलोज इथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवून केलेला चिकट द्राव. त्यात आयोडाइड आणि ब्रोमाइडचे क्षार घालतात. तो काचेच्या किंवा काळा लेप दिलेल्या पत्र्याच्या मधोमध ओतायचा आणि पत्रा चारी कोपऱ्यांकडं कलता करत सगळीकडं पसरवायचा. शेवटच्या कोपऱ्यातून उरलेला द्राव परत बाटलीत. गावातल्या एका आजीनं हे पाहिलं आणि म्हणाली, "धिरडं घालतीया." तंतोतंत तेच. थर जरासा धरला की पत्रा सिल्व्हर नायट्रेटच्या टाकीत तीन-चार मिनिटं बुडवायचा, लाल उजेडात बाहेर काढून ओला असतानाच कॅमेऱ्यात घालायचा. फोटो घेतला की लगेच हिराकस आणि ॲसेटिक ॲसिडचं डेव्हलपर त्यावरून फिरवायचं, पाणी ओतून ते थांबवायचं, मग हायपो, म्हणजे चित्र पक्कं करणारं रसायन. थर सुकायच्या आत हे सगळं उरकावं लागतं. थंड हवेत दहा मिनिटं मिळतात, माणदेशात मार्चमध्ये आम्हाला पाचही मिळाली नाहीत.

हायपोतला क्षण हा या कामाचा खरा मोबदला. पत्रा आत जातो तेव्हा त्यावर निळसर दुधाळ, उलट्या छटांचं काहीतरी असतं. अर्ध्या मिनिटात दूध फाटल्यासारखं ते विरघळत जातं आणि खालून माणूस वर येतो. जुने लोक या कामाला पोटॅशियम सायनाइड वापरत. चित्र अधिक उजळ येतं हे खरं, पण घरांच्या ओट्यांवर, पोराबाळांत ते न्यायचं नाही हे मी सुरुवातीलाच सांगितलं आणि त्यावर तिनं वादही घातला नाही.

सामान तिनं जमवलेलं होतं. लेन्स तंबूतल्या सिनेमाच्या प्रोजेक्टरची, पितळी, जुन्या बाजारातली. मधोमध धारदार, कडांना भोवऱ्यासारखी फिरणारी. पत्रे चार बाय पाच इंची, ट्रॉफीवर नावं कोरतात तसल्या काळ्या ॲल्युमिनियमचे. काच सुंदर दिसते, पण खेड्यातल्या घरात खुंटीला लावलेली काच किती दिवस टिकेल? म्हणून पत्रा. हा निर्णय बरोबर ठरला. मारुती ऑम्नीच्या मागच्या भागाला काळं आणि लाल कापड लावून डार्करूम केली होती.

पहिली अडचण: धुकं

पहिली फेरी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात. नऊ पत्रे केले, नऊच्या नऊ धुरकट. चेहरा राखाडी पडद्याआड, काळं कुठं काळं नाही.

कारणं शोधायला कठीण नव्हती. इथर ३५ अंशांच्या आसपास उकळतं आणि दुपारी ऑम्नीत ४१ होते. बाटलीचं बूच काढलं की फस्स आवाज यायचा आणि अख्ख्या आळीत दवाखान्याचा वास. डेव्हलपर इतकं तापलेलं की पंधरा-वीस सेकंदांचं काम सहा सेकंदांत उरकून पुढं धुकं चढायला लागायचं. त्यात आम्ही पत्रे धुवायला घरातलंच पाणी घेतलं होतं. विंधनविहिरीच्या क्षारांनी उरल्यासुरल्या चांदीचं पांढुरकं दही झालं.

पाण्याचा विषय इथंच सांगून टाकतो. त्या घरच्या सुनेनं काही न बोलता दोन हंडे आमच्या पुढ्यात आणून ठेवले. एका पत्र्याला दोन लिटर तरी लागतं, म्हणजे हंडे संपायला वेळ लागला नाही. संध्याकाळी शेजारच्यांकडून कळलं की टँकर दिवसाआड येतो. पुढच्या सगळ्या फेऱ्यांना आम्ही तालुक्याच्या गावाहून, दहिवडीहून, शंभर लिटर पाणी कॅनमध्ये भरून नेलं, रसायनांसाठी बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी वेगळं, आणि वापरलेलं पाणी ड्रममध्ये भरून परत आणलं. हायपो आणि चांदी असलेलं पाणी परसात ओतून चालत नाही. हे मला, रसायनशास्त्राच्या मास्तराला, पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं.

दुरुस्त्या अशा केल्या. डेव्हलपरमधलं हिराकस कमी केलं, ॲसिड वाढवलं, बाटल्या बर्फाच्या डब्यात ठेवल्या. कोलोडियनमध्ये इथरचं प्रमाण घटवून अल्कोहोलचं वाढवलं. चांदीच्या, म्हणजे सिल्व्हर नायट्रेटच्या टाकीत इथर-अल्कोहोल साचून ती खराब होते, म्हणून ती काचेच्या बरणीत काढून, जरा खायचा सोडा घालून, दोन दिवस गच्चीवर उन्हात ठेवली. तळाशी काळा गाळ बसला, तो गाळून परत आम्लता आणली. माणदेशाच्या उन्हाचा आम्हाला झालेला हा एकमेव फायदा.

वेळ बदलणं सगळ्यात अवघड गेलं. पहाटे गार असतं, पण कोलोडियनला दिसतो तो फक्त निळा, जांभळा आणि अतिनील उजेड, आणि सकाळच्या कोवळ्या उन्हात नेमका तोच कमी. सातला घेतलेल्या फोटोला वीस सेकंद लागायचे, दहानंतर ऑम्नीत बसवत नव्हतं. शेवटी आठ ते साडेनऊ हा दीड तास पक्का झाला. सावलीत सात-आठ सेकंद, दिवसाला जास्तीत जास्त पाच पत्रे.

या सगळ्यात तीन आठवडे आणि दोन फेऱ्या गेल्या. तिसऱ्या फेरीच्या पहिल्याच सकाळी पत्रा स्वच्छ आला.

खरी अडचण

लिंबाखाली बसलेल्या त्या आजींचं वय त्यांच्याच हिशोबानं "ऐंशी-नव्वद". कपाळावर उभी रेघ आणि तिच्या दोन्ही बाजूंना ठिपके, हनुवटीवर तीन ठिपके, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत तुळस, विंचू, आणि डाव्या मनगटावर मालकांचं नाव. मानेमागं लोखंडी आधार लावला तरी त्यांना त्याची गरज नव्हती. आठ सेकंद त्या देवापुढं बसल्यागत बसल्या. तरणी पोरं तीन सेकंदांत पापण्या मिटतात.

पत्रा हायपोत असताना आजींना बोलावलं. चेहरा वर आला. सुरकुतीन् सुरकुती, पांढरे केस चांदीसारखे, एका डोळ्यातला मोतीबिंदू. आम्ही दोघं खूश, कारण धुकं गेलं होतं. आजी पत्र्यावर वाकल्या, बराच वेळ बघत राहिल्या.

"माजं गोंदान कुटं गेलं?"

कपाळ कोरं होतं. हनुवटी कोरी होती. हातांवर तर काहीच नव्हतं, नुसती रापलेली कातडी. आजींना वाटलं वर काहीतरी साका बसलाय. त्यांनी अंगठा ओला केला आणि पत्र्यावरच्या कपाळावरून पुसून पाहिलं. ओला थर सायीसारखा नाजूक असतो. कपाळाची जागा अंगठ्याएवढी निघून खालचा काळा पत्रा दिसायला लागला. "ही म्या न्हवं," त्या म्हणाल्या. "ही माजी सासू दिसतीया. आन् एवढी काळी?"

मग आम्ही आधीचे नऊ धुरकट पत्रे काढून उन्हात धरले. गोंदण त्यांच्यावरही नव्हतं. तीन आठवडे आम्ही धरून चाललो होतो की ते धुक्यात हरवलंय.

कारण वरच सांगून गेलोय, तेव्हा फक्त त्याचा अर्थ लागला नव्हता. गोंदणात काजळी आणि पाल्याचा रस सुईनं कातडीच्या खालच्या थरात जातो. वरच्या थरात रंगद्रव्य असतं, आणि ते निळा आणि अतिनील उजेड वरच्यावर शोषून घेतं. म्हणजे कोलोडियनला जो उजेड दिसतो तो गोंदणापर्यंत पोचतच नाही. पोचतो तो लाल उजेड, आणि लालाच्या बाबतीत कोलोडियन आंधळं. म्हणून कातडी आहे त्याहून काळी येते आणि त्या काळ्यात गोंदण बुडून जातं. कुंकू काळं, हळद काळी, भगवा फेटा काळा, आणि निळं लुगडं मात्र पांढरं.

यात नवीन काहीच नाही, हे जास्त लागलं. न्यूझीलंडमधल्या माओरी माणसांच्या एकोणिसाव्या शतकातल्या ओल्या काचांवर त्यांच्या तोंडावरचं गोंदण पुष्कळदा असंच गायब आहे. ज्यांनी शोधलं असतं त्यांना हे सापडलं असतं. आम्ही शोधलं नव्हतं, कारण जुन्याला जुनं जुळणारच असं आम्ही गृहीत धरलं होतं.

समोरचे पर्याय

त्या रात्री दहिवडीच्या लॉजवर आम्ही वहीत पर्याय लिहिले. संस्थेला दीड महिन्यात पहिला संच दाखवायचा होता.

*ओलं तंत्र सोडून डिजिटलवर जायचं.* सगळ्यात सरळ. लाल उजेडातून पाहिलं तर गोंदण साध्या डोळ्यांपेक्षाही ठळक दिसतं, कारण लालात कातडी उजळते आणि काजळी काळीच राहते. पण संस्थेचा करार ओल्या तंत्राचा. शिवाय आजी ज्या धीरानं त्या खुर्चीत बसत होत्या तो धीर डिजिटलपुढं उरत नाही, हे तिचं म्हणणं. मला ते आधी सबब वाटलं. नंतर एकदा मोबाइलनं त्याच आजींचा फोटो घेताना पाहिलं. त्या अर्ध्यातच "झालं का?" म्हणून उठल्या.

*कोलोडियनला रंग दाखवायला शिकवायचं.* हा माझा पर्याय, म्हणजे अर्थातच पुस्तकी. १८७३ साली बर्लिनच्या हेरमान फोगेलनं दाखवून दिलं की थरात विशिष्ट रंग मिसळले तर काच हिरवा-पिवळा उजेडही ओळखते. पुढं कलकत्त्यात सर्व्हे ऑफ इंडियातल्या जेम्स वॉटरहाउसनं इओसिन या लालसर रंगाचा असाच उपयोग केला. पण ओल्या पत्र्यावर हा प्रयोग करायचा तर चांदीची टाकी रंगानं नासायची भीती, आणि तरीही लाल उजेड हाती लागत नाही तो नाहीच. एका संध्याकाळपुरती चैन म्हणून ठीक होतं.

*फिल्टर.* गावातल्या एका फोटोवाल्यानं सुचवलं. निळा उजेड अडवला की कोलोडियनला काहीच उरत नाही. बाद.

*गोंदणावरून काजळानं रेघ ओढायची.* काजळ कातडीच्या वर बसतं, तेव्हा ते दिसणार. आणि हाताशी होतं.

*दोन गोष्टी वेगळ्या करायच्या.* माणसाचं चित्र ओल्या पत्र्यावर, गोंदणाची नोंद दुसऱ्या मार्गानं. तेव्हा हा पर्याय आम्हाला तडजोड वाटला, म्हणून यादीत तो शेवटी आला.

काय केलं

आधी चूक केली. काजळाचा मार्ग धरला.

दुसऱ्या सकाळी एका आजींना विचारलं, त्या "कर बाय, काय करायचं ते" म्हणाल्या. फोटोग्राफरनं बारीक कुंचल्यानं कपाळावरचे ठिपके गिरवले. पत्र्यावर ते आले, ठळक आले. आणि इतके खोटे दिसले की दोघांपैकी कुणी काही बोललं नाही. गोंदण पन्नास-साठ वर्षांत पसरतं, कडा विरतात, हिरवं पडतं. हे नाटकातल्या मेकअपसारखं दिसत होतं.

पुढच्या घरच्या आजींनी कुंचला बघूनच हात मागं घेतला. "एकदा गोंदलंय. त्येला दुसऱ्यांदा कशापायी? सोनं-नाणं समदं हितंच ऱ्हातंय. गोंदान तेवढं संगं येतंय. त्येच्यावर कायबी लावू नगंस."

तिनं कुंचला तिथंच पुसून ठेवला. मला विचारलंसुद्धा नाही, आणि ते बरंच झालं. माझा कल अजून "निदान पाच-सहा पत्रे करून ठेवू" असा होता, संस्थेला दाखवायला काहीतरी हवं म्हणून.

मग उरलेल्या फेऱ्यांत कामाची रीत बदलली. आधी बटरपेपर. आजींच्या हातावर तो पसरायचा आणि नातीनं किंवा सुनेनं पेनानं गोंदणाची रेघन् रेघ उतरवून घ्यायची. फोटोग्राफरनं नाही, घरातल्याच बाईनं. हा बारीकसा बदल सगळ्यात कामाचा ठरला. नातीनं उतरवताना आजी आपोआप सांगत जायच्या: हे कुणी गोंदलं, कुठल्या जत्रेत, किती दुखलं, हा विंचू का, हे नाव लग्नाआधी की नंतर. एका आजीच्या हातावर मैत्रिणीचं नाव निघालं, जी लग्नानंतर त्यांना कधी भेटलीच नाही. घरात कुणालाच ते माहीत नव्हतं, कारण वाचायला गेलं तर पसरलेल्या हिरव्या डागापलीकडं काही दिसत नव्हतं. बटरपेपर आडवातिडवा धरून नातीनं ते जुळवलं.

मग लाल उजेडातला एक साधा डिजिटल फोटो, मापपट्टीसह, नुसत्या गोंदणाचा.

आणि शेवटी ओला पत्रा. बसण्याआधी आजींना स्पष्ट सांगायचं: यात तुमचं गोंदण दिसणार नाही, रंग काळा येईल, आणि डावं-उजवं उलटं होईल. पत्र्यावरचं चित्र आरशातल्यासारखं असतं. नथ दुसऱ्या नाकपुडीत, पदर दुसऱ्या खांद्यावर. सांगूनही एकीनं ऐकवलंच, "मला गुजरातीण केलीस की!" आणि मग मनमुराद हसल्या. दोघींनी मात्र ऐकल्यावर नको म्हटलं. गोंदण नसेल तर आम्ही बसत नाही. त्यांचे कागद आहेत, पत्रे नाहीत.

या सगळ्यात फोटोग्राफरच्या बोटांचा एक वेगळाच उपयोग झाला. सिल्व्हर नायट्रेटचे डाग कातडीवर उजेडात काळे होतात आणि आठवडा-दोन आठवडे जात नाहीत. मतदानाच्या वेळी बोटाला लावतात त्या शाईतही तेच असतं. पहिल्या फेरीत एका आजीनं विचारलं होतं, "मत टाकून आलीयास व्हय?" चौथ्या फेरीपर्यंत डाग मनगटापर्यंत गेले आणि गावात बायका सांगायला लागल्या की पोरीनं बी गोंदून घेतलंय. हात बघायला येणाऱ्या बायका मग ओट्यावर बसायच्या आणि बोलायच्या. डोळ्यांना मात्र गॉगल कायम होता. त्या बाबतीत मी हट्टी आहे. सिल्व्हर नायट्रेट डोळ्यात गेलं तर दृष्टी जाऊ शकते.

निष्पत्ती

वहीतला हिशोब असा: एकूण ७४ पत्रे ओतले, ठेवण्याजोगे ३१. बावीस बायकांच्या गोंदणाचे कागद, त्यांतल्या वीस जणींचे पत्रे. तीस जणींचा आकडा गाठला नाही. एका पत्र्यामागं दोन-अडीचशे रुपये धरले तरी फुकट गेलेल्यांचा खर्च लहान नव्हता, आणि तो तिनं सोसला.

संस्थेत मतभेद झाले. एकाचं म्हणणं, गोंदणाच्या नोंदीत गोंदण न दिसणारी चित्रं म्हणजे फसवणूक. दुसऱ्या बाईंनी पत्रा आणि कागद शेजारी ठेवून पाहिले आणि म्हणाल्या की हे जोडीनंच छापा, एकेकटं नको. शेवटी तसंच ठरलं, पण शेवटचा हप्ता कापून. मला दोन्ही बाजू पटतात. करारात जे लिहिलं होतं ते आम्ही दिलं नाही, हे खरंच होतं.

पत्रा एकच असतो, त्याची दुसरी प्रत होत नाही. म्हणून तो कुणाकडं राहणार हा प्रश्न होता. संस्थेला मूळ पत्रे हवे होते. फोटोग्राफरनं स्कॅन दिले आणि मूळ पत्रे सुतार वापरतात त्या चपडा लाखेचं पातळ वॉर्निश देऊन आजींना परत केले. यावर ती अडून बसली आणि ते योग्यच केलं.

लिंबाखालच्या आजी त्याच दिवाळीत गेल्या. सुनेचा फोन आला. फ्रेम करायची होती, तिला फोटो हवा होता. पत्रा आहे ना, असं मी म्हटलं. तिला तो नको होता, मोबाइलवर काढलेला हवा होता, "गोंदान दिसतंय त्यो." आम्ही तो मोठा करून पाठवला. नंतर गेलो तेव्हा भिंतीवर हार घातलेला तोच होता. पत्रा कुठंय विचारल्यावर सुनेनं ट्रंक उघडली. रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, लुगड्याच्या घडीत ठेवलेला. कपाळावर अंगठ्याची खूण असलेलाच. दुसरा चांगला पत्रा आम्ही नंतर करून दिला होता, पण आजींनी हा ठेवून घेतला होता. का, ते सुनेलाही माहीत नव्हतं.

पुन्हा करायचं झालं तर

कामाचा अर्ज लिहिण्याआधी एकच चाचणी पुरेशी होती. गोंदलेल्या हाताचा मोबाइलवर रंगीत फोटो घ्यायचा आणि कुठल्याही साध्या ॲपमध्ये त्यातला फक्त निळा भाग काळ्या-पांढऱ्यात पाहायचा. कोलोडियनला जग साधारण तसं दिसतं. पाच मिनिटांचं काम. आम्ही ते तिसऱ्या फेरीनंतर केलं.

धुकं असताना गोंदण दिसत नाही हे कळलं होतं, तरी दोन अडचणी असू शकतात असा विचार केला नाही. एक कारण हाती लागलं की मन दुसरं शोधत नाही. विद्यार्थ्यांना मी हेच सांगत आलो. कार्डावर काजळानं ठिपके काढून आणि शेजारी गोंदलेला हात ठेवून एकच पत्रा केला असता तर पहिल्याच दिवशी उलगडा झाला असता.

काजळाच्या बाबतीत फोटोग्राफरचं मत माझ्याहून कडक आहे. ती म्हणते, त्या आजींनी "कर" म्हटलं म्हणून ती परवानगी होत नाही, कारण काय होणार हे त्यांना माहीत नव्हतं. तो पत्रा तिनं संचातून काढून टाकला. स्कॅनही ठेवलं नाही.

उन्हाळा तर टाळायलाच हवा होता. मुदत संस्थेच्या आर्थिक वर्षाची होती, हवेची नव्हती. नोव्हेंबर ते जानेवारी मागून घेता आले असते, आम्ही मागितले नाहीत.

लग्नं तिनं निम्म्यावर आणली आहेत, सोडलेली नाहीत, कारण चांदीचा भाव. दिवाळीनंतर ती त्याच गावात पुन्हा जाणार आहे, या वेळी कुणाच्याही पैशाशिवाय. नको म्हणालेल्या दोघींपैकी एकीनं निरोप धाडलाय की आता बसते, पण नातीला मांडीवर घेऊन. नात दोन वर्षांची. आठ सेकंद ती गप्प कशी बसणार, यावर आमचा अजून वाद चालू आहे.